शिफारशीचे वजन

'शिफारस' हा शब्द फारसीतून मराठीत आला, काही काळ दरबारात राहिला आणि मग घराघरांत पोचला. नोकरीसाठी शिफारसपत्र लागते, स्थळ सुचवताना चार शब्द शिफारशीचे बोलावे लागतात, आणि फार वरून आलेल्या शिफारशीला आपण सरळ वशिला म्हणतो. कन्नडने हाच शब्द 'शिफारसु' असा घेतला, त्यामुळे आमच्या सीमाभागात दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना तो सारखाच ओळखीचा आहे. गुजरातीत त्यासाठी 'भलामण' म्हणतात. शब्द वेगळे असले तरी व्यवहार एकच: शिफारस करणारा एक आणि निर्णय घेणारा दुसरा. पहिल्याने शब्द टाकायचा. तो झेलायचा की खाली पडू द्यायचा, हे दुसऱ्याने ठरवायचे.

मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ याच्या कलम १८ मध्ये नेमका हाच शब्द बसलेला आहे. राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोगाने चौकशी पूर्ण केली आणि हक्कभंग झाल्याचे त्यास आढळले, तर आयोगाने संबंधित सरकारला भरपाई देण्याची, दोषींवर कारवाई करण्याची शिफारस करावी, असे ते कलम सांगते. चौकशी करताना आयोगाच्या हाती दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. तो साक्षीदारास बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, शपथेवर जबाब घेऊ शकतो. एवढे सगळे करून शेवटी जे हाती येते त्याचे नाव मात्र शिफारस. सरकारने एका महिन्यात, किंवा आयोग वाढवून देईल तेवढ्या मुदतीत, आपले म्हणणे कळवावे, एवढेच बंधन कायद्याच्या शब्दांतून स्पष्ट दिसते.

या एका शब्दाचे वजन किती, हे ठरवण्याचे काम गेली तीन दशके न्यायालये करीत आली आहेत. आयोगाने केले ते योग्य की अयोग्य, त्याच्या अधिकारात होते की अधिकाराबाहेर, सरकारवर ते बंधनकारक की नाही, असे हे प्रश्न. भाषेच्या हक्कासाठी झगडणाऱ्या आम्हा माणसांना या प्रश्नाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही, कारण आमच्या पदरी आजवर जे पडले त्यात आदेश थोडे आणि शिफारशी फार. तरीही या लेखासाठी उदाहरण म्हणून आम्ही सीमाभागाऐवजी बडोदे निवडले आहे. आयोगाचा शब्द सरकारने नाकारला, मग आयोगाने न्यायालयाचे दार ठोठावले, आणि पुढे त्या शब्दाचे काय झाले, याचा सर्वांत पूर्ण हिशेब बडोद्यातील एका खटल्यात सापडतो.

बडोद्याशी मराठी माणसाचे नाते जुने. १८७५ ते १९३९ अशी चौसष्ट वर्षे तिसऱ्या सयाजीरावांची कारकीर्द तेथे चालली. राजा मराठी, दरबारी मंडळींत मराठी माणसे पुष्कळ, पण प्रजेची भाषा गुजराती. म्हणून संस्थानचा कारभार आणि न्यायदान गुजरातीत. १९३१ मध्ये 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा कोश निघाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली अशा भाषांतील प्रतिशब्द त्यात एकाच ओळीत मांडलेले आहेत. सीमाभागातील भाषाप्रश्नाची चर्चा निघाली की आम्ही हे उदाहरण नेहमी देतो. राज्यकर्त्याची भाषा आणि प्रजेची भाषा वेगळी असेल तर कारभाराने कोणती भाषा शिकायची, याचे उत्तर बडोद्याने कोणत्याही संविधानाआधी दिले होते.

२०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले, तेव्हा आम्हीही गेलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो ते गृहस्थ न्यायालयातील कारकुनीतून निवृत्त झालेले. घरात मराठी, बाहेर गुजराती, आणि कागदपत्रांचा विषय निघाला की दोन्ही भाषा एका वाक्यात. आयोगाच्या शिफारशींचा विषय आम्हीच काढला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि मराठी बाजूला ठेवून गुजरातीत म्हणाले, "भलामण ए कंई हुकम नथी." शिफारस म्हणजे काही हुकूम नव्हे. आयुष्यभर हुकमांच्या नकला काढलेल्या माणसाचे ते मत होते आणि कायद्याच्या शब्दार्थाने ते खोटेही नव्हते. पण त्यांच्याच शहरात घडलेल्या गोष्टीने त्या वाक्याच्या पुढची पायरी दाखवून दिली आहे.

१ मार्च २००२ च्या रात्री बडोद्याच्या हनुमान टेकरी भागातील बेस्ट बेकरीवर जमावाने हल्ला केला. या हल्ल्यात १४ जणांचा जीव गेला. गोध्रा येथे रेल्वेचा डबा जळाल्यानंतर गुजरातेत जे हत्याकांड सुरू झाले त्यातील ही एक घटना. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याच दिवशी, म्हणजे १ मार्च रोजी, वृत्तपत्रांतील बातम्यांवरून आपणहून दखल घेतली होती. भारताचे माजी सरन्यायाधीश जगदीश शरण वर्मा तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते. त्याच महिन्यात ते आपल्या सहकाऱ्यांसह अहमदाबाद, बडोदे आणि गोध्रा येथे जाऊन आले. ३१ मे २००२ रोजी आयोगाने आपल्या शिफारशी नोंदवल्या. त्यांतील एक अशी की गोध्रा, गुलबर्ग सोसायटी, नरोडा पाटिया, सरदारपुरा आणि बेस्ट बेकरी या पाच प्रकरणांचा तपास राज्य पोलिसांकडून काढून केंद्रीय अन्वेषण विभागाकडे द्यावा. राज्य सरकारने ती मान्य केली नाही. कायद्याने सरकारला म्हणणे मांडण्याची मुभा दिली होती. सरकारने म्हणणे मांडले आणि विषय तेथेच थांबला. भलामण हुकूम नव्हती.

पुढचे वर्ष काय घेऊन आले ते सर्वांस ठाऊक आहे. बडोद्याच्या जलदगती न्यायालयात खटला चालला, एकामागून एक साक्षीदार आपल्या आधीच्या जबाबावरून फिरले, आणि २७ जून २००३ रोजी सर्व २१ आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. मग मुख्य साक्षीदार तरुणीने जाहीरपणे सांगितले की आपण भीतीपोटी खोटे बोललो.

येथे एका शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. असा साक्षीदार मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत 'फितूर' होतो. फितुरी म्हणजे किल्ल्याचा दरवाजा रात्री शत्रूला उघडून देणे; त्या शब्दाला शिवकाळापासूनचा डाग आहे. गुजराती माणूस नुसते 'फरी गयो' म्हणतो, फिरला एवढेच. ज्याच्या घरातली माणसे मेली आणि ज्याला उद्या त्याच गल्लीत राहायचे आहे, तो जबाब फिरवतो तेव्हा त्याने कोणाचा किल्ला कोणास दिला? मराठी शब्द निकालाआधीच साक्षीदाराला दोषी ठरवून मोकळा होतो. त्याला कोणी फिरवले, हा प्रश्न त्यात उरतच नाही. आयोगाने तोच प्रश्न विचारला. ३१ जुलै २००३ रोजी तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती आदर्श सेन आनंद तेव्हा अध्यक्ष होते. संविधानाच्या अनुच्छेद १३६ खाली विशेष परवानगीचा अर्ज करून आयोगाने म्हटले की हा खटला न्याय्य रीतीने चाललाच नाही, तो गुजरातेबाहेर पुन्हा चालवावा. एका वेगळ्या अर्जाने इतर गंभीर प्रकरणेही राज्याबाहेर न्यावीत अशी मागणी केली. ज्या कलम १८ मध्ये शिफारशीचा शब्द आहे, त्याच कलमात आयोगाने आवश्यक आदेशांसाठी सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाकडे जावे, असाही मार्ग आहे. शिफारस पडून राहिली तर काय करावे, याचे उत्तर कायद्याने दोन ओळी खालीच लिहून ठेवले होते. तोवर त्या ओळीचा एवढा मोठा वापर झाला नव्हता.

२६ डिसेंबर २००३ रोजी गुजरात उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्तता कायम केली. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती दोराईस्वामी राजू आणि न्यायमूर्ती अरिजित पसायत यांच्या पीठाने दोन्ही निकाल रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. हा फेरखटला मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतील न्यायालयात, म्हणजे महाराष्ट्रात, चालवावा असे ठरले. २४ फेब्रुवारी २००६ रोजी मुंबईच्या न्यायालयात न्यायाधीश अभय ठिपसे यांनी नऊ आरोपींना जन्मठेप सुनावली आणि आठ जणांना सोडले. ९ जुलै २०१२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या नवांपैकी पाच जणांना निर्दोष ठरवून चौघांची शिक्षा कायम ठेवली. २०२३ मध्ये आणखी दोन आरोपी मुंबईच्या न्यायालयातून निर्दोष सुटले.

या हिशेबात आणखी एक ओळ आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फेरखटल्याच्या काळात मुख्य साक्षीदाराने पुन्हा एकदा आपले म्हणणे बदलले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची चौकशी करवली आणि ८ मार्च २००६ रोजी न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला एक वर्षाची कैद व ५० हजार रुपये दंड अशी शिक्षा दिली. जिच्या बोलण्यावरून सारा देश हलला, तिलाच शिक्षा झाली. मानवी हक्कांच्या विरोधकांना हे सोयीचे वाटले आणि समर्थकांना अडचणीचे. आम्हांला त्यातून एवढेच दिसते की आयोगाचा अर्ज मान्य झाला याचा अर्थ आयोगासमोर आलेला प्रत्येक शब्द खरा ठरला असा होत नाही. खरेखोटे निवडण्यासाठी न्यायालयाला साक्षीपुरावा नव्याने ऐकावाच लागला आणि त्याने तो ऐकला. शिफारशीला वजन देणे म्हणजे तिच्यावर डोळे मिटून सही करणे नव्हे.

आता ३१ मे २००२ च्या त्या शिफारशीकडे परत वळू. आयोगाच्या २००३ मधील अर्जाचा प्रवाह सर्वोच्च न्यायालयात पुढे वाहत राहिला. २६ मार्च २००८ रोजी न्यायालयाने माजी पोलीस अधिकारी आर. के. राघवन यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. त्याच्याकडे सोपवलेल्या प्रकरणांत गोध्रा, गुलबर्ग सोसायटी, नरोडा पाटिया आणि सरदारपुरा ही चारही नावे होती. आयोगाने सांगितलेल्या पाचांपैकी चार प्रकरणांचा तपास अशा रीतीने नव्या हातांत गेला आणि पाचव्याचा खटला त्याआधीच मुंबईस गेला होता. केंद्रीय अन्वेषण विभाग आला नाही, पण शिफारशीचा गाभा होता तो आला. त्यास सहा वर्षे लागली. सहा वर्षांत साक्षीदार म्हातारे होतात, पुरावा विरतो, माणसे गाव सोडतात. शिफारशीला पहिल्याच दिवशी वजन असते तर काय वाचले असते, याचे मोजमाप कोणत्याही निकालपत्रात नाही.

हा झाला आयोग न्यायालयाकडे गेल्याचा प्रसंग. याची दुसरी बाजू म्हणजे न्यायालयाने आयोगालाच तपासणे. मराठीत यास 'न्यायिक पुनर्विलोकन' असा शब्द रूढ झाला आहे आणि तो 'अपील' या शब्दापासून कटाक्षाने वेगळा ठेवला पाहिजे. १९९३ च्या अधिनियमात आयोगाच्या निर्णयावर अपिलाची तरतूद नाही. ज्यास तो निर्णय जाचतो त्याने संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करायची. अपिलात न्यायालय पुन्हा सगळा पुरावा तोलू शकते. पुनर्विलोकनात ते मुख्यतः एवढेच पाहते की आयोग आपल्या अधिकारात राहिला का, दोन्ही बाजूंना ऐकले का, आणि निष्कर्षाला काही आधार आहे का.

या तपासणीत आयोगाची बाजू अनेकदा लंगडी पडली. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या एका तक्रारीवर आयोगाने कार्यवाही सुरू केली होती. घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोगाने चौकशी करू नये, या कलम ३६ मधील बंधनावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या डिसेंबरात ती रद्द केली. आसाममधील एका फाशीच्या कैद्याच्या बाबतीत आयोगाने राज्यपालांकडे शिफारस केली आणि फाशीची जन्मठेप झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आयोगास हा अधिकारच नव्हता. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने आपल्या त्या निकालाचा फेरविचार करून तो मागे घेतला. अरुणाचल प्रदेशातील चकमा लोकांसाठी मात्र आयोग स्वतः याचिकाकर्ता झाला आणि ९ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जीवितरक्षणाचे आदेश राज्याला दिले. मणिपूरमधील चकमकींच्या खटल्यात तर आयोगाने सर्वोच्च न्यायालयापुढे स्वतःचे वर्णन दात नसलेला वाघ असे केले, आणि २०१६ च्या निकालात न्यायालयाने त्याची खेदाने नोंद घेतली.

शिफारस बंधनकारक आहे काय, या मूळ प्रश्नावर दोन उच्च न्यायालयांनी अलीकडे स्पष्ट भूमिका घेतली. २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले की आयोगाची शिफारस हे काही निव्वळ मत नव्हे. सरकारला ती पटत नसेल तर न्यायालयात जाऊन आव्हान द्यावे, पण ती बाजूला ठेवून स्वस्थ बसता येणार नाही. मद्रास उच्च न्यायालयात या विषयावर परस्परविरोधी निकाल साचले होते, म्हणून प्रश्न पूर्ण पीठाकडे गेला. ५ फेब्रुवारी २०२१ रोजी त्या पीठाने सांगितले की कलम १८ खालची शिफारस सरकारवर बंधनकारक आहे आणि तिची अंमलबजावणी करून घेता येते. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला. कोशकाराला जे जमत नाही ते न्यायाधीश एका परिच्छेदात करतो. तरीही उच्च न्यायालयाचा शब्द प्रामुख्याने त्याच्या राज्यात चालतो. चेन्नईत आदेशासारखी वागणारी शिफारस दुसऱ्या राज्याच्या राजधानीत अजूनही भलामणच राहू शकते.

हे सारे आम्हांला दूरचे वाटत नाही, त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका वृद्ध शेतकऱ्याच्या जमिनीसंबंधीची नोटीस त्यास वाचता न येणाऱ्या भाषेत आली, मुदत टळली आणि पुढे हात बांधले गेले. आम्ही त्याच्या वतीने एका वैधानिक आयोगाकडे मराठीत तक्रार केली. नियमांनी ती मुभा दिली आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या कार्यपद्धतीतही आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत तक्रार करता येते, शुल्क लागत नाही. अनेक महिन्यांनी उत्तर आले ते इंग्रजीत, चार ओळींचे. आशय असा की योग्य त्या कार्यवाहीची शिफारस संबंधित कार्यालयाकडे केली आहे आणि प्रकरण बंद करण्यात येत आहे. आम्ही ते त्याच्या अंगणात बसून मराठीत वाचून दाखवले. तो नीट ऐकून घेत होता. शेवटी त्याने विचारले, "म्हणजे जिंकलो की हारलो ओ आपण, गुरुजी?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नाही, कारण ते कायद्यातच नव्हते. आयोगाच्या दृष्टीने प्रकरण संपले होते. कार्यालयाच्या दृष्टीने ते सुरूच झाले नव्हते, कारण शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. न्यायालयात जायचे तर कोणत्या निर्णयाविरुद्ध? आयोगाने तर त्याच्या बाजूने शिफारस केलेली. पुनर्विलोकनाचे दार उघडे होते, पण ते उघडण्यासाठी खर्च, वकील आणि इंग्रजी लागते. उच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ ने इंग्रजी ठरवली आहे. शिफारस नाकारणाऱ्या कार्यालयाला काहीच करावे लागले नाही आणि शिफारस मिळालेल्या माणसाला सगळे करावे लागणार होते. सारा अन्याय या उलट्या ओझ्यात आहे.

आता एक आक्षेप. आमच्यावर तो घेतला जातो आणि घेतला जावाही. सीमाप्रश्नावर केंद्राने १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. १९६७ मधील त्याच्या अहवालाने बेळगाव कर्नाटकाकडे, तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे, राहावे असे सांगितले. महाराष्ट्राने तो फेटाळला. कर्नाटक आजही तो अंतिम मानते. तेव्हा आमच्या सभांतून हेच वाक्य घुमले की आयोगाचा अहवाल ही केवळ शिफारस आहे, ती कोणास बांधत नाही. मग आज मानवी हक्क आयोगाच्या शिफारशीने सरकारला बांधावे असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणतो?

दोन्ही आयोगांच्या नावात एक शब्द समान आहे, एवढ्यावरून त्यांचे स्वरूप समान होत नाही. महाजन आयोग केंद्र सरकारच्या निर्णयाने नेमलेला होता. त्याच्यापुढे प्रश्न होता तो राज्यांच्या सीमेचा, आणि सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ ने संसदेकडे ठेवला आहे. मानवी हक्क आयोग संसदेच्या कायद्याने उभा आहे. त्याची चौकशी दोन्ही बाजू ऐकून, शपथेवरच्या पुराव्याने होते, आणि त्याच्यापुढे एका माणसाच्या जीविताचा, स्वातंत्र्याचा किंवा प्रतिष्ठेचा प्रश्न असतो. पण केवळ या भेदावर विसंबून राहणे आम्हांला पुरेसे वाटत नाही, कारण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. २००४ मध्ये, म्हणजे बेस्ट बेकरीचा फेरखटला मुंबईस आला त्याच वर्षी, महाराष्ट्राने अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. नकार देऊन स्वस्थ बसण्याऐवजी आपला नकार आणि आपली कारणे न्यायालयापुढे ठेवली. यास ३७ वर्षे लागली हे आम्ही अभिमानाने सांगत नाही. पण न पटलेल्या शिफारशीचे काय करावे, याचा योग्य मार्ग तोच आहे. जो नाकारतो त्याने न्यायालयात जावे आणि आपली कारणे उघडपणे मांडावीत. आम्ही स्वतःच्या राज्याकडून ज्याची अपेक्षा केली, तीच इतर प्रत्येक सरकारकडून करतो.

म्हणून आमची मागणी आयोगाला न्यायालयाच्या वर बसवण्याची नाही. आयोग चुकू शकतो, अधिकाराबाहेर जाऊ शकतो, खोट्या साक्षीला भुलू शकतो. त्यास तपासणारे न्यायालय हवेच. मागणी आहे ती ओझे सरळ करण्याची. शिफारस आल्यावर सरकारने ठरलेल्या मुदतीत ती पाळावी किंवा न्यायालयात आव्हान द्यावे. तिसरी वाट असू नये. अलाहाबाद आणि मद्रास येथील निकालांचा आशय हाच आहे, आणि तो देशभर एकसारखा लागू व्हायचा तर संसदेने कलम १८ मध्ये तो शब्दांत लिहावा किंवा सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्णय द्यावा. दुसरी मागणी भाषेची. ज्या भाषेत तक्रार आली त्याच भाषेत शिफारशीची आणि सरकारच्या उत्तराची प्रत तक्रारदारास मिळाली पाहिजे. नव्वद वर्षांपूर्वी एका संस्थानाने शासनाचे शब्द इतक्या भाषांत एका ओळीत मांडले. आज भारत सरकारला आणि राज्यांना चार ओळींचे पत्र तक्रारदाराच्या भाषेत देणे अवघड असू नये.

सीमाभागातील वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. कोणत्याही मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची असेल तर घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी, नाहीतर कलम ३६ आडवे येते. तक्रार आपल्या भाषेत करावी आणि तीवर तारखेसह पोच घ्यावी. शिफारस आपल्या बाजूने आली तर तिची पूर्ण प्रत मागावी, सरकारने त्यावर काय कळवले हे लेखी विचारावे, आणि उत्तर आले नाही तर आयोगाला कलम १८ खाली न्यायालयात जाण्याची लेखी विनंती करावी. बडोद्याच्या प्रकरणात आयोग त्याच कलमाच्या आधारे न्यायालयात गेला होता. आपल्यासाठीही तो जाईलच असे नाही, पण विनंती केल्याचा कागद आपल्या हाती राहतो, आणि उद्या उच्च न्यायालयात उभे राहावे लागले तर याचिकेला तोच पहिला कागद जोडता येतो.